मोफत देखभाल आणि दसऱ्याचा मुहूर्त

2024 च्या गणेशोत्सवात मी पूर्व उपनगरांतील एका शोरूममध्ये गाडी बुक केली. मोफत सर्व्हिस म्हणजे बहुधा फक्त मजुरी माफ, ऑइल आणि फिल्टरचे पैसे जीएसटीसह आपणच भरायचे, हे मला ठाऊक होते. इथे मात्र पहिली तीन वर्षे ऑइल-फिल्टरसुद्धा कंपनीचे, असे विक्री प्रतिनिधीने छापील पत्रकावर बोट ठेवून सांगितले, आणि दुसऱ्या कंपनीची गाडी जवळजवळ पसंत केलेली असताना केवळ या एका कारणाने मी इकडे वळलो.

गाडी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात यार्डात आली. तेव्हा पितृपक्ष चालू होता. आमच्या घरी तो फारसा कोणी पाळत नाही आणि बँकेचे कर्जही मंजूर झालेले होते, त्यामुळे मी लगेच गाडी न्यायला तयार होतो. परंतु 26 सप्टेंबरला प्रतिनिधीनेच व्हॉट्सअ‍ॅपवर आग्रह केला आणि मी 12 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, हार घातलेली गाडी घरी आणली.

वर्षभराने सर्व्हिसला गाडी दिली, तेव्हा सात हजारांच्या वर बिल हातात पडले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने शांतपणे सांगितले की 1 ऑक्टोबरपासून बिल झालेल्या गाड्यांना कंपनीने ती योजना बंद केली आहे, आणि खात्री पटावी म्हणून संगणकावर परिपत्रकही दाखवले. त्यावर तारीख होती 20 सप्टेंबर. म्हणजे मला मुहूर्त सुचवला गेला, त्याच्या सहा दिवस आधी शोरूमला सारे कळलेले होते.

सर्व्हिस टाळण्याचीही सोय नसते, कारण ठरलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला ती झाली नाही, तर पुढे वॉरंटी नाकारायला निमित्त मिळते. व्यवस्थापकांनी बुकिंग फॉर्मची मागची बाजू पुढे केली: 'किंमत व योजना डिलिव्हरीच्या दिवशी लागू असतील त्याप्रमाणे.' खाली सही माझीच. योजना बंद करण्याचा कंपनीचा अधिकार मी नाकारत नाही. ती बंद होणार हे माहीत असताना ग्राहकाला तारीख पुढे ढकलायला लावणे याला मात्र मी फसवणूकच म्हणतो. आता बुकिंग करणाऱ्यांनी योजना बिलाच्या तारखेला बांधलेली आहे की बुकिंगच्या, हे फॉर्मवरच शिक्क्यासह लिहून घ्यावे आणि मधल्या काळात ती बंद झाल्यास बुकिंगची पूर्ण रक्कम परत मिळेल, ही ओळही त्यात घालायला लावावी. प्रतिनिधी कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर शोरूमने एक सर्व्हिस मजुरीविना आणि एकदा मोफत धुलाई देऊ केली, ती मी नाकारली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, दाद मागता येते. शुल्क वादाच्या रकमेवर नसून मोजलेल्या किमतीवर ठरते, आणि 10 ते 20 लाखांच्या गाडीला ते 400 रुपये आहे. वांद्रे (पूर्व) येथे द्यायची माझी तक्रार तयार असून, तिला जोडलेला पहिलाच कागद त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाचा आहे: 'काका, पितृपक्षात कशाला नेताय? दसऱ्याला दणक्यात नेऊ.'