जी-फ्लेक्स इपॉक्सी आणि चिकट डॅक्रॉन: छोट्या कॅटामरानच्या डागडुजीला कितपत कामाचं?

कॅटामरान म्हणजे दोन हलची (हल म्हणजे बोटीचा पाण्यात राहणारा सांगाडा) शिडाची बोट. तिचा हल फायबरचा असेल आणि त्याला भोक पडलं असेल तर जी-फ्लेक्स 650 हे दोन भाग मिसळून वापरायचं इपॉक्सी डोळे झाकून घ्या. रेझिन आणि हार्डनर निम्मं-निम्मं, त्यामुळे मापाची कटकट नाही. आणि सुकल्यावर हे किंचित लवचिक राहतं, जे कॅटामरानला फारच महत्त्वाचं, कारण लाटेत दोन्ही हल आपापल्या मर्जीने पिळतात आणि कडक ठिसूळ पॅच मग कडेने तडकायला लागतो. 22 डिग्रीला पाऊण तास आरामात मिळतो, गरमीत कमी, म्हणून मिश्रण खोल कपात न ठेवता पसरट ताटलीत ओता.

पण खरं काम त्याआधीचं. ड्रेन प्लग (हलमधलं पाणी काढायचं बूच) काढून हल पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्यावर काहीच धरत नाही. मग भोकाच्या कडा उतरत्या घासायच्या, जाडीच्या बारा पट, म्हणजे स्किन (हलचा फायबरचा थर) 2 मिमी असेल तर चारी बाजूंनी 24 मिमी. एवढं घासताना जीव वर येतो, चांगला हल आपणच खराब करतोय असं वाटतं, पण पकड तिथेच मिळते. भोकावर इपॉक्सीत भिजवून लावायचं ग्लास फायबरचं कापड वेगळं घ्या. सुकल्यावर मेणचट थर दिसला तर आधी पाण्याने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा, आणि वर रंग हवाच, इपॉक्सी ऊन सहन करत नाही.

हलवर नाणं वाजवून बघा, टण्ण ऐवजी बद्द आवाज आला की स्किनच्या आतला फोमचा थर तिच्यापासून सुटलाय समजा. तिथे बाहेरच्या स्किनला बारीक भोकं पाडून सिरिंजने इपॉक्सी भरतात, त्याला मात्र जी-फ्लेक्स फार दाट पडतं, साधं पातळ इपॉक्सी बरं. होबी वेव्हसारखा प्लास्टिकचा हल असेल तर गणितच वेगळं, पॉलिइथिलीनला सहसा काहीच चिकटत नाही, जी-फ्लेक्सलाही आधी गॅस टॉर्चच्या ज्योतीची हलकी आंच द्यावी लागते आणि मोठ्या चिरेला प्लास्टिक वेल्डिंगच करून घ्या.

आता शीड. डॅक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टर कापडाच्या, शिडाला मागून गोंद असलेला डॅक्रॉनचा तुकडा मस्त बसतो, पण मीठ गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, स्पिरिटने पुसल्यावरच. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा दोरीला घासून आधी उचलतो. दोन्ही बाजूंनी लावा. पॅनेलच्या (शिडात जोडलेल्या कापडाच्या पट्ट्याच्या) मधोमध छोटी चीर असेल तर एवढ्यावर भागतं. बॅटनच्या (शिडाला ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) खिशाजवळ किंवा मागच्या कडेला फाटलं असेल तर झिगझॅग शिवण हवीच, तीही उन्हाला टिकणाऱ्या पॉलिएस्टर दोऱ्याने. आणि जुनं शीड हाताने ताणल्यावर टरटर फाटत असेल तर पॅचवर पैसे घालवू नका, पॅच टिकेल आणि बाजूचं कापड जाईल.

शीड दुरुस्तीच्या एका स्वस्त टेपवर 'शिवण लागत नाही' असं लिहिलं होतं, पहिल्या चांगल्या वाऱ्यातच ती कडेने सुटली. इपॉक्सीला पाच पैकी पाच, चिकट डॅक्रॉनला साडेतीन, त्या टेपला शून्य.