प्लायवरचा ७१० चा शिक्का बघून पैसे देऊ नका, माझी कयाक वाया गेली

मंडळी, घरी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बांधायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझा अख्खा उन्हाळा आणि साठवलेले पैसे गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

प्लॅन स्टिच अँड ग्लूचा, म्हणजे प्लायचे तुकडे तांब्याच्या तारांनी शिवून एपॉक्सीने चिकटवायचे, १६ फुटी, त्यात स्पष्ट लिहिलेलं की ४ एमएम मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायच्या आठ बाय चार फुटांच्या तीन शीट आणि वरून २०० जीएसएम (चौरस मीटरला २०० ग्रॅम) ग्लासचं कापड, एपॉक्सी रेझिनमध्ये. पुण्यात एका प्लायवाल्याकडे गेलो तर तो म्हणे, साहेब चार एमएम पाण्यात टिकत नाही, सहा घ्या, सेव्हन टेन मरीन आहे, हा बघा शिक्का. शीटवर आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा नंबर, छापलेलं होतं खरं, आणि मी तेवढ्यावर भुललो. कापडही त्यानेच ओळखीतून मागवून दिलं.

आता वजनाचं बघा. हलक्या लाकडाची ४ एमएम शीट साधारण सहा किलोची, मला दिलेली एकेक बाराच्या वर, म्हणजे कापड लावायच्या आधीच होडी दुप्पट जड. टोकाशी पॅनल वळेनात, तांब्याच्या तारा तटातट तुटायच्या. त्यात रेझिन अर्ध्या कामातच संपलं. शंका आली म्हणून उरलेल्या कापडाचा बरोबर मीटर बाय मीटर तुकडा कापून किचनच्या काट्यावर ठेवला, ३४० ग्रॅम! कापड जवळपास स्वतःच्या वजनाइतकं रेझिन पितं, म्हणजे जड कापडाचा भुर्दंड दोनदा. हे वजन दुकानातच करता आलं असतं, दोन मिनिटांचं काम आहे.

तरी पूर्ण केली. पानशेतला तिसऱ्यांदा पाण्यात घातली आणि घरी आल्यावर सीटखाली अंगठा दाबला तर तळ आत जातोय. पटाशीने उघडलं तर मधल्या थरात बोटभर रुंद पोकळी, आणि वरचा पापुद्रा भिजलेल्या वहीच्या पानासारखा हातात आला. पुढच्या रविवारी भाची तीच होडी घेऊन पाण्यात उतरणार होती, ते आठवलं की आजही झोप लागत नाही.

उरलेला तुकडा पातेल्यात उकळला. ७१० प्लायचे थर ७२ तास उकळूनही सुटता कामा नयेत, माझ्या तुकड्याचे दीड तासात सुटले. खऱ्या शिक्क्यात आयएसआय मार्क आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर या (मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपवर टाकला की कंपनीचं नाव येतं. माझ्या शीटवर नंबरच नव्हता.

दुकानदाराकडे गेलो तर बिल दाखव म्हणाला. बिलावर फक्त 'प्लाय ६ एमएम, ३ नग', ना मरीन ना ७१०. म्हणून बिलावर ग्रेड लिहिल्याशिवाय पैसे सोडू नका, नाही म्हणाला तर सरळ दुसरं दुकान बघा. फोटो काढून ॲपवरूनच तक्रार टाकली आहे, कारण त्याच शिक्क्याच्या शीट परवापर्यंत त्याच्या दुकानात भिंतीला लावलेल्या होत्या.