मायलेज वाढवून देतो म्हणाला, आकडा वाढवून दिला

शिरोली एमआयडीसीला रोजचं जाणं-येणं, आणि गाडीची हौस जुनी. १.२ लिटरची टर्बो पेट्रोल आहे. गेल्या वर्षी तिला मोकळा इनटेक, मोठा इंटरकूलर आणि रुंद टायर बसवले. गाडी जोरात पळायला लागली, पण १५ चं मायलेज १२ वर आलं. म्हणून रीमॅप करणाऱ्या, म्हणजे इंजिन चालवणारं सॉफ्टवेअर बदलून देणाऱ्या एका ट्यूनरकडे गेलो. "दादा, रीमॅप मारतो, १८ देणार म्हणजे देणार!" २८ हजार रोख घेतले, बिल दिलं नाही. तिथंच मी उठायला हवं होतं.

ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लॅपटॉप जोडून तासाभरात काम उरकलं. मग मला शेजारी बसवून हायवेनं किणी टोलनाक्यापर्यंत फिरवून आणलं. डिस्प्लेवर १८.६! मी फोटो काढून घरी दाखवला.

पुढं पेट्रोलचा खर्च मात्र काडीचा कमी होईना. संशय गेला पंपावर. नेहमीच्या पंपावर जाऊन वाद घातला, पाच लिटरचं माप मागवलं. पोरानं माझ्यासमोर माप भरलं, पेट्रोल बरोबर रेघेला आलं. "चुकलं भावा," म्हणून माफी मागितली. तिथंच ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरली आणि किलोमीटर लिहून ठेवले. ४१२ किलोमीटरनंतर त्याच नोझलनं परत भरली, ३३.८ लिटर बसलं. म्हणजे १२.२. डिस्प्ले तेव्हाही १८.४ दाखवत होता.

उद्यमनगरातल्या एका जाणत्या मेकॅनिक मामांनी ईसीयूतली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली, फाइल वाचून कंपनीच्या फाइलशी ताडून बघितली. डिस्प्लेवरच्या मायलेजचा हिशेब ज्या गुणकावर चालतो, तोच बदलला होता. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. बूस्टवर, म्हणजे टर्बो जोरात हवा ढकलत असताना, तापमान आटोक्यात राहावं म्हणून इंजिनाला जे जादा पेट्रोल मिळतं, तेच कापलं होतं. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये बारीक कडकड यायची, ती नॉकिंगची, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी भडकण्याची. तशीच दामटली असती तर पिस्टन जायची भीती होती. घरची माणसं घेऊन मी तो चढ चढलोय, हे आठवलं की अजून राग येतो.

मामा म्हणाले, "एका वेगात निवांत चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून हवा-पेट्रोलचं मिश्रण आधीच नेमकं धरतोय. तिथं सॉफ्टवेअर वाचवून वाचवून किती वाचवणार? आधी ते टायर काढा." कंपनीची फाइल परत घातली, मूळ मापाचे टायर चढवले. आता टाकी ते टाकी १४ मिळतंय.

पैसे परत मागायला गेलो, तर "डिस्प्ले बघा की, वाढलंय का नाही?" एवढंच उत्तर. माझ्याच गाडीच्या मूळ फाइलची प्रत मागितली, तीही दिली नाही. हातात बिल नाही, तक्रार कशाच्या जोरावर करू?

मायलेजसाठी कुणी असं रीमॅप करून घेतलं असेल, तर डिस्प्लेकडं न बघता एकदा टाकी ते टाकी मोजा. आणि चढाला कडकड ऐकू येत असेल, तर फाइल तपासून घेईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.