नाताळच्या सॅलडसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: जायलाच हवं

दरवर्षी 25 डिसेंबरला शेजारच्यांकडे जेवण असतं आणि सॅलड माझ्याकडे, म्हणून या वेळी सगळं सामान म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलं. सकाळी लवकर गेले म्हणून बरं, नंतर पार्किंगचे नुसते हाल. बीट, संत्री, डाळिंब, काकडी सगळं ताजं, आणि भाजीवाल्या काकी घासाघीस केली तरी हसून एक लिंबू वर टाकतात. गावठी काजू थोडे महाग पडले पण चव बघाल तर अक्रोड विसराल. खरी कमाल माडाच्या व्हिनेगरची, तीन चमचे तेलाला एक चमचा, मीठ, मिरपूड आणि किंचित गूळ घालून बाटलीत हलवलं की ड्रेसिंग तयार. बीट मात्र अगदी शेवटी घाला नाहीतर सगळं गुलाबी होतं, माझं झालंच! लेट्यूस इथे मिळाला नाही, तो पणजीच्या एका सुपरमार्केटमधून पाकिटातला घेतला आणि अर्धा आतून काळा निघाला, पैसे पाण्यात. बाजाराला साडेचार स्टार, अर्धा पार्किंगचा कापला. पिशवी घरून न्या.