शाफ्टच्या गाडीसाठी ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक गिअर ऑइल: बाटलीची मागची बाजू वाचून केलेले परीक्षण

शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचे चाक फिरवणाऱ्या मोटरसायकलमध्ये त्या चाकाच्या मध्याशी असलेल्या पेटीत (हिलाच फायनल ड्राइव्ह म्हणतात) बहुतेक वेळा दीडशे ते अडीचशे मिलिलिटर एवढेच तेल मावते, आणि इंजिनचा सगळा जोर काटकोनात वळवून चाकाला देणारे क्राउन-पिनियन (मोठे आणि छोटे अशी दातेरी चाकांची जोडी) तेवढ्याच तेलाच्या भरवशावर फिरत असते. या पेटीत ना ऑइल फिल्टर असतो, ना तेल फिरवणारा पंप. क्राउनचे दाते तेलात बुडून ते वर उडवतात, आणि जो काही चुरा निघेल तो पुढच्या बदलापर्यंत त्याच तेलात राहतो. म्हणून येथे कोणते तेल घालावे हा प्रश्न चेनवाल्यांना वाटतो तितका क्षुल्लक नाही. येथे परीक्षण एका विशिष्ट कंपनीच्या बाटलीचे नसून ७५डब्ल्यू-९० (हा दाटपणाचा ग्रेड), एपीआय जीएल-५ (ही अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची संरक्षणाची श्रेणी), पूर्ण सिंथेटिक असे लिहिलेल्या तेलाच्या प्रकाराचे आहे, कारण शाफ्टवाल्यांना दुकानात सर्रास हेच सुचवले जाते. माझे मत अनुकूल आहे, पण बाटलीच्या दर्शनी बाजूवर जे मोठ्या अक्षरांत छापलेले असते त्यातले निम्मे आपल्या कामाचे नसते.

कामाची पहिली गोष्ट म्हणजे जीएल-५ ही श्रेणी. फायनल ड्राइव्हमधले दाते स्पायरल बेव्हल (शंकूसारख्या चाकावरचे वळणदार दाते) किंवा हायपॉइड पद्धतीचे असतात. हायपॉइडमध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून थोडा बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते टेकत आणि लोळत नाहीत, तर बऱ्यापैकी घासतही जातात. भरलेली गाडी चढावर जोरात उचलली की त्या घासणाऱ्या रेषेवर दाब इतका वाढतो की तेलाचा थर तेथून पिळून निघतो आणि धातू धातूला भिडतो. अशा वेळी उपयोगी पडतात ती गंधक आणि फॉस्फरसची संयुगे. दातांच्या पृष्ठभागावर निर्माण झालेल्या उष्णतेने ती पोलादाशी रासायनिक क्रिया करून एक अतिशय पातळ थर तयार करतात, आणि पुढची झीज दात्याऐवजी त्या थराची होते. गिअर ऑइलचा जो उग्र वास हाताला दिवसभर चिकटून राहतो, तो याच गंधकाचा. जीएल-४ मध्ये ही संयुगे कमी असतात, जीएल-५ मध्ये ढोबळमानाने दुप्पट. हायपॉइड दाते, वेग आणि अचानक बसणारे धक्के एकत्र येतात तेथे जीएल-५ च हवे.

येथे एक गैरसमज हमखास पुढे येतो. जीएल-५ पितळ खाते, म्हणून ते टाळावे, असे अनेक जाणते मेकॅनिकही सांगतात. हा इशारा निराधार नाही. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रोनायझर रिंग (गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात तेथे जीएल-४ सांगितलेले असताना जीएल-५ घालणे खरोखर अयोग्य आहे, आणि श्रेणीचा आकडा मोठा म्हणून ते तेल सगळीकडे चालेलच असे मानणे त्याहून अयोग्य. परंतु मोटरसायकलच्या फायनल ड्राइव्हमध्ये सिंक्रोनायझर नसतात; तेथे पोलादी दाते आणि बेअरिंगे असतात. गिअरबॉक्ससाठीचा सल्ला उचलून शाफ्टच्या पेटीला लावला की नेमके जे संरक्षण हवे तेच कमी होते.

आता आकड्यांकडे वळू. गिअर ऑइलची एसएई (अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची) दाटपणाची मोजपट्टी इंजिन ऑइलच्या मोजपट्टीहून वेगळी आहे, हे लक्षात न आल्यामुळे ९० म्हणजे डांबरासारखे दाट तेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात शंभर अंश सेल्सियसला एसएई ९० चा दाटपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजण्याचे एकक) या मर्यादेत असतो, आणि इंजिन ऑइलमधले ४० व ५० हे ग्रेड मिळून १२.५ ते २१.९ एवढा पट्टा व्यापतात. म्हणजे दोन्ही साधारण एकाच घरातली. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू तेलाने उणे ४० अंशाला एका ठरावीक दाटपणाच्या आत राहायचे असते, आणि तीच अट ८०डब्ल्यू तेलाने उणे २६ अंशाला पाळायची असते. जेथे पाणीसुद्धा कधी गोठत नाही तेथे या दोहोंतला थंडीचा फरक मालकाच्या अनुभवाला येणार नाही, आणि बर्फातले छायाचित्र छापलेली बाटली म्हणून दोन पैसे जास्त मोजण्याचे कारण नाही.

मग सिंथेटिकचे पैसे कशासाठी द्यायचे? माझ्या मते उष्णतेसाठी आणि टिकाऊपणासाठी. ७५ आणि ९० यांच्यातले अंतर साध्या खनिज तेलाला स्वतःच्या गुणावर पेलत नाही. त्यात दाटपणा टिकवणारे लांब साखळीचे पॉलिमर घालावे लागतात, आणि गिअरच्या दातांमध्ये चिरडून नेमक्या त्याच साखळ्या तुटतात. पॉलिअल्फाओलेफिन किंवा एस्टर या सिंथेटिक मूळ तेलांचा दाटपणा तापमानाबरोबर मुळातच कमी बदलतो, त्यामुळे पॉलिमरवरची भिस्त कमी राहते आणि ९० म्हणून भरलेले तेल बराच काळ ९० च्या आसपास राहते. एसएईच्या नियमातही वीस तासांच्या कातर चाचणीनंतर (तेल सतत चिरडून पाहण्याच्या चाचणीनंतर) तेल आपल्या ग्रेडमध्येच राहिले पाहिजे अशी अट आहे, परंतु त्या मर्यादेच्या तळाशी कसेबसे टिकणे आणि मध्यावर टिकणे यांत फरक आहे. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाने दिलेल्या तांत्रिक माहितीपत्रकात शंभर अंशाचा आकडा पाहावा. दोन तेलांपैकी एकाचा १४ आणि दुसऱ्याचा १७ असेल तर बाटलीवर दोन्हीकडे ९० च लिहिलेले असते. जास्त दाट ते जास्त चांगले, हेही येथे खरे नाही. तेल घुसळण्यात जाणारी शक्ती उष्णता बनून त्याच पेटीत साठते, आणि तेवढ्याशा तेलाला ती बाहेर टाकायला फारशी जागा नसते. सोबतचा माणूस आणि सामान घेऊन तापलेल्या रस्त्यावर लांब जाणारे ७५डब्ल्यू-१४० भरतात, त्यांना मी नावे ठेवणार नाही, पण गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत तो ग्रेड नसेल तर मी स्वतः त्या वाटेला जात नाही.

पुस्तिकेचा शब्द अखेरचा का, हे तीन उदाहरणांवरून दिसेल. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या इंजिनच्या) गाड्यांच्या अनेक पिढ्यांना ७५डब्ल्यू-९० जीएल-५ हेच तेल सांगितले गेले आहे, म्हणून शाफ्ट म्हटले की लोकांच्या तोंडी हाच आकडा बसला. होंडाने मात्र गोल्डविंग जीएल १८०० साठी हायपॉइड गिअर ऑइल एसएई ८० सांगितले आहे. तेथे ९० घालणे म्हणजे मागितल्यापेक्षा दाट तेल घालणे होय. मोटो गुझीच्या जुन्या व्ही-ट्विन गाड्यांची रीत आणखी निराळी: सुमारे २३० मिलिलिटर ८०डब्ल्यू-९० आणि त्यात २० मिलिलिटर मॉलिब्डेनमयुक्त द्रव. अशा गाडीत नुसते महागडे सिंथेटिक ओतून समाधान मानणाऱ्याने पुस्तिकेतली दुसरी ओळ वाचलेली नसते.

बाटलीवरची दोन अक्षरे, एलएस, यांच्याबद्दल विचारणा पुष्कळ होते. ती लिमिटेड स्लिप डिफरन्शियलसाठी असतात; डिफरन्शियल म्हणजे मोटारीच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा. मोटारगाडीच्या तशा डिफरन्शियलमधल्या क्लच प्लेटा अडखळू नयेत म्हणून तेलात घर्षण बदलणारा घटक घातलेला असतो. मोटरसायकलच्या फायनल ड्राइव्हमध्ये डिफरन्शियलच नाही, त्यामुळे त्या घटकाला तेथे काम नाही. त्याने नुकसान होते असेही नाही. मात्र दोन्ही प्रकार शेजारी ठेवलेले असतील तर मी एलएस नसलेले उचलतो.

तेल कितीही चांगले असले तरी ते भरण्याची सोय हा या बाटल्यांचा कच्चा दुवा आहे. भरण्याचे भोक बोटाएवढे, तेही बहुधा आडव्या दिशेने आणि सायलेन्सर किंवा ब्रेक कॅलिपरच्या अडचणीत. लिटरच्या बाटलीचे तोंड तेथे पोचत नाही आणि नळीचे टोपण असले तरी शेवटचे तेल रिमवर ओघळतेच. मोठी, खुणा असलेली सिरिंज आणि हातभर पारदर्शक नळी हा सगळ्यात स्वच्छ उपाय आहे, आणि त्याने मापही बरोबर पडते. माप येथे महत्त्वाचे आहे: काही गाड्यांत भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल भरायचे असते, तर काहींत ठरावीक मिलिलिटरच घालायचे असतात, आणि दोन्ही रीतींची सरमिसळ केली की तेल जास्त होते. जास्तीचे तेल तापून फुगते, ऑइल सीलवर दाब येतो, आणि सील हरली तर तेल मागच्या ब्रेकवर किंवा टायरवर उतरू शकते. म्हणून दोन घोट जास्त घालून निश्चिंत होण्याची सवय या पेटीपुरती तरी सोडावी. भरण्याचा बोल्ट आधी सैल होतो की नाही हे पाहूनच खालचा ड्रेन बोल्ट उघडावा, नाहीतर रिकामी पेटी घेऊन बसायची वेळ येते. वॉशर नवीन घालावा.

काढलेले तेल फेकण्याआधी ते उजेडात धरून पाहणे हे मला नव्या तेलाच्या निवडीइतकेच मोलाचे वाटते. ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप साचलेला दिसतो. तो बोटांत चोळला आणि काहीच टोचले नाही तर ती नेहमीची झीज आहे, विशेषतः नव्या गाडीच्या पहिल्या बदलात. बोटाला टोचणारा कीस, चमकणारा पापुद्रा किंवा दात्याचा कपचा मिळाला तर प्रश्न तेलाचा उरलेला नाही, क्राउन-पिनियन किंवा बेअरिंग उघडून पाहायला हवे. तेल दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर तापलेली पेटी एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (पेटीला हवा घेऊ देणाऱ्या छिद्रातून) पाणी आत ओढले जाऊ शकते. अशा वेळी किलोमीटर मोजत न बसता तेल लगेच बदलावे.

आयुष्यभर तेल बदलण्याची गरज नाही, हा दावा मी या प्रकारच्या कोणत्याही तेलाबाबत मान्य करत नाही. बीएमडब्ल्यूने आर १२०० जीएसच्या सुरुवातीच्या काळात फायनल ड्राइव्हचे तेल आयुष्यभरासाठी असल्याचे सांगितले होते आणि पुढे ते ठरावीक अंतराने बदलण्याची सूचना दिली. फिल्टर नसलेल्या पेटीत यात नवल नाही. लिटरच्या एका बाटलीत चार-पाच बदल सहज होतात, त्यामुळे तेलाचा खर्च हे बदल लांबणीवर टाकण्याचे कारण होऊ शकत नाही. उरलेली बाटली घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावी.

तेव्हा, पुस्तिकेत ७५डब्ल्यू-९० जीएल-५ लिहिले असेल तर हे तेल बिनदिक्कत घ्यावे, ते चांगल्या नावाच्या कोणत्याही कंपनीचे असले तरी चालेल. पुस्तिकेत ८०डब्ल्यू-९० असेल, गाडी जुनी असेल आणि तेल वेळेवर बदलले जात असेल, तर चांगले खनिज जीएल-५ पुरेसे आहे आणि सिंथेटिकने आवाज कमी होईल ही अपेक्षा ठेवू नये. पुस्तिकेत नुसते ८० असेल तर हे तेल दुकानातच राहू द्यावे.