थारचे शॉक भोसरीत ट्यून करून घेतले: पैसे वसूल होतात का?

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. शॉकवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर) कुठल्या कंपनीचा स्टिकर आहे त्यापेक्षा आतलं व्हॅल्व्हिंग, म्हणजे आतलं तेल किती अडवायचं त्याची मांडणी, कोणी केलं आणि किती वजन धरून केलं याने गाडीत जास्त फरक पडतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हे काम करून घेतलं आणि तिथली माणसं ते खरंच मन लावून करतात. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

गाडी नवीन थार, डिझेल, हार्डटॉप. पुढे स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), ऑल टेरेन टायर, डिकीत रिकव्हरीचं म्हणजे गाडी बाहेर काढायचं सामान कायम पडलेलं. रोजचं कोथरूड ते हिंजवडी आणि सुट्टीला चेलाडी फाट्यावरनं वेल्हे, पुढे केळद, मढे घाट, नाहीतर मग ताम्हिणी. कंपनीचे शॉक काढून उघडता येणारे मोनोट्यूब (एकाच नळीचे, आत तेल आणि दाबाने भरलेला नायट्रोजन) बसवलेले, मागच्या दोघांना बाहेर रिझर्व्हायर म्हणजे जादा डबी. शॉक चांगलेच आहेत, पण खोक्यातनं आले तसे बसवल्यावर मागची सीट नुसती उडायची, आई मागे बसली की नवले ब्रिज यायच्या आत "अरे हळू, कंबर गेली" सुरू, आणि पुढचं नाक ब्रेक मारला की खाली जायचं. म्हणजे एकाच गाडीत मागे कडक आणि पुढे मऊ.

चार ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी तर गाडी न बघताच गाडी दोन इंच उंच करणारा लिफ्ट किट घ्या म्हणाले. भोसरीत मात्र फोनवरच मालकांनी विचारलं, "दादा, गाडीत नेहमी किती जण असतात? विंच स्टीलच्या रोपची आहे का सिंथेटिक? मागे काय काय ठेवता?" आणि म्हणाले की येताना वजनकाट्यावर जाऊन या, टाकी फुल करून, सामान भरून, आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या मग सगळी गाडी, दोन्ही पावत्या आणा. एवढं विचारणारा माणूस मला इथेच भेटला. टाकीचं उगाच वाटेल पण थारची टाकी ५७ लिटरची आहे, भरली की डिझेलच जवळपास ४७ किलो होतं.

पावत्या बघून त्यांनी शॉकला हातच लावला नाही, आधी पुढच्या स्प्रिंग बदलायला लावल्या. कारण सरळ आहे, गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉक फक्त हालचाल आवरतो. बंपर आणि विंचने नाक बसलं असेल तर शॉक कितीही कडक करा, नाक बसलेलंच राहणार, उलट चाकाला वर यायला उरलेली जागा (ट्रॅव्हल) कमी असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरावर, आपटणार. खर्च वाढला पण बरोबर जागी वाढला. टायरची हवासुद्धा त्यांनीच मोजली, कारण हवा जास्त असेल तर गाडी कडक लागते आणि लोक दोष शॉकला देतात.

आता मुख्य काम. शॉकच्या आत पिस्टनला भोकं असतात आणि त्यावर पातळ स्टीलच्या चकत्यांची थप्पी, तिला शिम स्टॅक म्हणतात. शाफ्ट (शॉकचा दांडा) हलला की तेल त्या चकत्या वाकवून पलीकडे जातं आणि त्या रेट्यातनं गाडीच्या उसळीची उष्णता होते. चकत्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागात मोजतात, त्यातली एखादी बदलली तरी सीटवर कळतं. एका बाजूच्या थप्पीने कॉम्प्रेशन ठरतं म्हणजे दबताना किती अडवायचं, दुसऱ्या बाजूच्या थप्पीने रिबाउंड म्हणजे परत उघडताना किती.

इथे लो-स्पीड आणि हाय-स्पीड हे शब्द सारखे ऐकू येतात आणि बहुतेकांना तो गाडीचा स्पीड वाटतो. तो शाफ्टचा स्पीड आहे. एक्सप्रेसवेवर १०० ने लेन बदलताना गाडी कलते तेव्हा शाफ्ट हळू चालतो, ते लो-स्पीड, आणि कर्वेनगरच्या गल्लीत २० ने जाताना खड्ड्याची धारदार कड बसली की शाफ्ट एकदम पळतो, ते हाय-स्पीड. माझ्या गाडीत मागे हाय-स्पीड कॉम्प्रेशन जास्त होतं म्हणून आईची कंबर, आणि पुढे लो-स्पीड कमी होतं म्हणून ब्रेकला नाक खाली. दोन्ही वेगवेगळं सुधारता येतं, हेच तर पैसे देऊन ट्यूनिंग करायचं कारण. बाहेर फिरवायची नॉब असलेले शॉक मिळतात, पण आतली थप्पीच तुमच्या वजनाची नसेल तर नॉबने तिच्या आसपासच फिरता येतं.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आपल्या भागाचा विचार केला. व्हिडिओ बघून सगळ्यांना वाळवंटात उड्या मारणाऱ्या गाड्यांसारखं सेटअप पाहिजे असतं. मढे घाटाच्या बाजूला किंवा मुळशीच्या मागे आपण काय करतो, बेसाल्टचे धोंडे, मुरूम, पावसात चिखल आणि ओढे, सगळं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तिथे शॉक तापून ढिला पडायचा प्रश्न फारसा येत नाही, तिथे पाहिजे असतं ते चाक खाली सोडणं आणि दगडावरनं उतरताना गाडी एका बाजूला न झोकणं. म्हणून त्यांनी हाय-स्पीड कॉम्प्रेशन बरंच कमी केलं, लो-स्पीड थोडं वाढवलं, रिबाउंड मधे ठेवला. रिबाउंड फार सैल ठेवला तर गाडी खड्ड्यातनं मागनं लाथ मारते, फार आवळला तर ओळीने खड्डे आले की शॉक पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी बसत बसत जाते आणि दगडासारखी कडक लागते. मग माणूस अजून मऊ शॉक शोधत बसतो, दुखणं मात्र रिबाउंडचं असतं!

त्यांच्याकडे छोटा शॉक डायनो (शॉक दाबून-उघडून त्याचा जोर मोजायचं मशीन) आहे, काम करायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा चारही शॉक त्यावर चालवून दाखवले, मशीनवर वेग आणि जोर याचा आलेख येतो. डाव्या-उजव्या शॉकच्या रेषा एकमेकांवर बसल्या पाहिजेत हे मालकांनी स्वतः दाखवलं, आणि आधीच्या आलेखात माझ्या मागच्या दोन शॉकमध्ये फरक होता तोही लपवला नाही. मग चारही शाफ्टवर एकेक झिप टाय बांधून दिला, म्हणाले ताम्हिणीला जाऊन या, टाय कुठपर्यंत सरकतो, म्हणजे शॉक किती दबला, त्याचा फोटो पाठवा. त्यावरनं मागचं परत एकदा उघडून चकत्या बदलल्या आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळच्या कामाचा हिशोब सुरुवातीलाच धरणारा ट्यूनर मिळाला तर त्याला सोडू नका, कारण पहिल्याच वेळी शंभर टक्के बसणं अवघड असतं.

आता गाडी कशी आहे. सिंहगड रोडचे स्पीड ब्रेकर एका हालचालीत संपतात, गाडी दबते, वर येते, थांबते. केळदच्या पुढे दगडांत टायर १८-२० पीएसआयला आणले की स्टिअरिंग हातातनं हिसकत नाही. आई परवा पानशेतपर्यंत मागे बसून आली आणि रस्ताभर शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचं बोलत होती, माझ्यासाठी हाच मोठा रिपोर्ट. घाटातल्या वळणावर गाडी अजून कलते, उंच गाडी आहे ती कलणारच, पण आता टप्प्याटप्प्याने कलते, एकदम नाही.

अर्धा गुण कापला तो दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे शॉक उघडतात त्या टेबलाच्या शेजारीच ग्राइंडर चालू होता, मी सांगितल्यावर बंद केला पण ती धूळ तेलात गेली तर सील आणि शाफ्ट दोन्ही खराब होतात, तिथे वेगळी खोलीच पाहिजे. दुसरं, डायनोचा आलेख मागितल्याशिवाय कागदावर देत नाहीत. मागून घ्याच, किती तेल, नायट्रोजनचं प्रेशर किती, कोणत्या चकत्या, सगळं लिहून घ्या, पुढच्या सर्व्हिसला हाच कागद लागतो.

मला चारही शॉकच्या ट्यूनिंगचा खर्च नव्या सेटच्या साधारण पाव किमतीएवढा आला, स्प्रिंग वेगळ्या. कंपनीची थार जशी आली तशीच वापरताय आणि महिन्यातनं एकदा लोणावळ्याला जाताय तर हा खर्च नका करू. सीलबंद ट्विन ट्यूब (नळीत नळी असलेले) शॉक असतील तर ते सहसा उघडून ट्यून करायच्या कामाचे नसतात, आधी विचारा. वॉरंटी चालू असेल तर शोरूमला लेखी विचारून ठेवा. आणि नायट्रोजन भरलेला शॉक गल्लीतल्या मेकॅनिकला अजिबात उघडायला देऊ नका, आत भरपूर प्रेशर असतं, माणसाला इजा होते.

मारुतीच्या जिम्नीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, ती साधारण १२०० किलोची गाडी, थार तिच्यापेक्षा कितीतरी जड. थारसाठी केलेलं व्हॅल्व्हिंग तिच्यात घातलं तर पाठ मोडेल. माझ्या मित्राची जिम्नी पुढच्या आठवड्यात भोसरीला जातीय, त्याला पण आधी वजनकाट्यावरच पाठवलंय.