संत्रा बर्फीची साइट: तयार टेम्प्लेट घ्यावं की डेव्हलपरकडून करून घ्यावी?

माझ्या धाकट्या बहिणीचं नागपूरच्या इतवारीत संत्रा बर्फीचं छोटं काम आहे. पुण्या-मुंबईहून विचारणा होऊ लागली तशी साइट करायची ठरली. दोन वाटा होत्या: दरमहा पैसे भरून मिळणारं तयार टेम्प्लेट, म्हणजे साइटचा तयार साचा, नाहीतर डेव्हलपरकडून वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर) करून घेतलेली साइट.

तयार साइट दोन-चार दिवसांत उभी राहते आणि एसएसएलची, म्हणजे साइट नि गिऱ्हाइकामधली माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राची, काळजी टेम्प्लेट देणारी कंपनीच घेते. हे महत्त्वाचं आहे, कारण जुलै २०१८पासून क्रोम एचटीटीपीवरच्या, म्हणजे असं प्रमाणपत्र नसलेल्या, साइटच्या पत्त्यापाशी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवतो, आणि ते वाचून कोण पैसे भरेल? वर्डप्रेसला लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, पण ९० दिवसांचं. आपोआप नूतनीकरण लावून घेतलं नाही तर ऐन दिवाळीत संपतं. प्लगइन (साइटला जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) अपडेट करायलाही कुणीतरी लागतं.

डेव्हलपरकडे मोकळीक जास्त. गांधीबागेतल्या कापड व्यापाऱ्याला घाऊक आणि किरकोळ असे वेगवेगळे भाव दाखवायचे असतील, तर मी त्याला हीच वाट सांगेन. फक्त डोमेन, म्हणजे साइटचा नेटवरचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावावर घ्या. माझं पहिलं डोमेन साइट करणाऱ्यानं त्याच्या नावावर घेतलं होतं. त्यानं फोन उचलणं बंद केलं आणि चार वर्षांचा पत्ता हातचा गेला. छापलेली व्हिजिटिंग कार्डं अजून कपाटात पडून आहेत.

गिऱ्हाइकाचा भरवसा मात्र दोन्हीकडे एकाच गोष्टीवर बसतो: समोर खरा माणूस दिसतो का? नेटवरून उचललेल्या चकचकीत मिठाईपेक्षा बहिणीनं खिडकीपाशी मोबाइलवर काढलेला डब्याचा फोटो मला जास्त पटला. त्यात पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक स्वच्छ वाचता येतो. दुकानाचा पूर्ण पत्ता, डिलिव्हरीचा खर्च आधीच, आणि डबा फुटून आला तर काय करणार, हे साध्या मराठीत हवं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव नि संपर्क द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. घरच्या धंद्यात ते नाव आपलंच असतं, तेही लिहायचं.

आठ-दहाच पदार्थ आणि भाव स्वतः बदलायचे, म्हणून बहिणीला मी तयार टेम्प्लेटच सुचवलं. डोमेन तिनं आधी घेतलं, टेम्प्लेट नंतर निवडलं.